एसीवाल्याला रंगकामाआधी बोलवा

नवीन इमारत बांधणारा माणूस आर्किटेक्टकडे जातो पाया खणायच्या आधी, प्लंबरला बोलावतो वीटकाम चालू असताना आणि वायरिंगवाल्याला प्लास्टरच्या आधी. एसीवाला मात्र येतो रंगाचा दुसरा हात चालू असताना. तोवर खिडक्या ठरलेल्या असतात, दर्शनी भागाला काच बसलेली असते, गच्चीवर कोबा झालेला असतो आणि महावितरणकडून भार मंजूर होऊन मीटरही लागलेला असतो. मग तो टेप काढतो, लांबी-रुंदी गुणतो, ‘शंभर फुटाला एक टन’ म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवतो. मालक अशी तीन कोटेशनं जमवतो, तिन्हींचा शेवटचा आकडा बघतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांना विचारतो, “कुठल्या कंपनीचा घेऊ?”

माझी विनंती अशी की कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. त्याआधी तुमच्या इमारतीत किती उष्णता येते आणि ती कुठून येते, याचा हिशेब कागदावर मागा. इंजिनियर त्याला हीट लोड म्हणतात. दुकान असो, दवाखाना असो, क्लास असो की चार मजली ऑफिस, या एका कागदावर पुढची वीस वर्षं तुमचं वीजबिल ठरतं. जो डीलर हा कागद द्यायला टाळाटाळ करतो, तो अंदाजाने माल विकतोय एवढं समजा आणि दुसरा बघा.

हा हिशेब काही अवघड नाही. उदाहरण म्हणून लातूरचा एक क्लास घेऊ. सगळ्यात वरचा मजला, नऊशे चौरस फुटांचा हॉल, वर उघडी गच्ची, पश्चिमेला मिळून शंभर चौरस फूट साध्या काचेच्या खिडक्या आणि आत साठ मुलं. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता सतत बाहेर फेकण्याची ताकद, हे आधी लक्षात ठेवा. एक मुलगा शांत बसून गणितं सोडवत असला तरी त्याच्या अंगातून शंभर ते सव्वाशे वॉट उष्णता बाहेर पडते. साठ मुलांची मिळून दोन टनांच्या आसपास. वरचा स्लॅब मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या घरात तापतो आणि नुसत्या पाच-सहा इंची काँक्रीटमधून आठ-नऊ किलोवॉट आत सोडतो. हे झाले अडीच टन, म्हणजे मुलांपेक्षा जास्त. मावळतीच्या उन्हात खिडक्यांतून सव्वा टन येतो. साठ डोक्यांसाठी बाहेरची ताजी हवा आत घ्यायची तर, डोक्यामागे सेकंदाला पाच लिटर धरले तरी, बेचाळीस अंशांची ती हवा थंड करायला पावणेदोन टन लागतात. दिवे, पंखे, प्रोजेक्टर मिळून पाव टन. एकूण आठाच्या जवळपास. या सगळ्या गोष्टींचा कळस एकाच तासाला होत नाही, म्हणून जाणकार इंजिनियर तास-तास धरून मांडणी करतो आणि आकडा थोडा खाली येतो. पण कुठली बाजू किती खाते ते कळायला एवढं पुरे.

आता हाच हॉल तुम्ही क्लासऐवजी एका टॅक्स सल्लागाराला भाड्याने दिला. आठ माणसं, आठ कॉम्प्युटर. माणसांची आणि ताज्या हवेची मिळून उष्णता अर्ध्या टनावर येते. स्लॅब आणि खिडक्या मात्र तेवढ्याच खातात. म्हणजे त्या ऑफिसातला एसी माणसांसाठी चालतच नाही, तो गच्चीसाठी चालतो! ‘शंभर फुटाला एक टन’वाला मात्र दोन्हीकडे नऊ टनच सांगणार, कारण त्याने मोजली आहे ती फरशी.

म्हणून पहिले पैसे मशीनवर घालू नका, गच्चीवर घाला. स्लॅबवर दोन इंच पीयूएफ किंवा तत्सम उष्णतारोधक थर, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि वर पांढरी चायना मोझॅक किंवा उन्हाला परतवणारा पांढरा रंग, एवढं केलं की अडीच टनांचे अर्ध्या टनापर्यंत खाली येतात. जुन्या इमारतीत थर टाकणं जमत नसेल तर निदान दर उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याची सफेदी करा. त्याला फारसा खर्च नाही. खिडक्यांना बाहेरून छज्जा, झडपा किंवा ताटी लावा. आतला पडदा उपयोगाचा नाही असं नाही, पण ऊन एकदा काच ओलांडून आलं की त्याची उष्णता खोलीतच मुरते, मग पडदा कितीही जाड असो. आमच्या लातूरच्या हॉलमध्ये एवढ्यावर आठाचे पाच टन होतात. टॅक्सवाल्याचं तर दोन टनांत भागेल. जे तीन टन विकत घ्यावे लागले नाहीत, त्यांना सर्व्हिस लागत नाही, गॅस लागत नाही आणि त्यांचं बिल येत नाही.

आणि काचेबद्दल एकदा स्पष्टच बोलतो. तालुक्याच्या गावीसुद्धा आता नवीन कॉम्प्लेक्सचा दर्शनी भाग काचेचा आणि चकचकीत एसीपी पॅनेलचा लागतो, त्याशिवाय गाळे भाड्याने जात नाहीत असं बिल्डर सांगतात. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या अशा इमारतींत दुपारी तीन वाजता जाऊन बघा. सगळे पडदे ओढलेले, सगळे दिवे लागलेले, सगळे एसी अठरावर. काच लावायचीच असेल तर उत्तरेला लावा. पश्चिमेला जिना, लिफ्ट, संडास, स्टोअर अशा जागा काढा. ऊन त्यांच्या भिंतींनी खावं. हे नकाशावर पेन्सिलीने करता येतं. रंगकामाच्या वेळी करता येत नाही.

आता हवामानाचं. महाराष्ट्रात एकच सल्ला सगळीकडे चालत नाही, कारण नागपूरचा उन्हाळा आणि मुंबईचा उन्हाळा हे दोन वेगळे आजार आहेत. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे पारा तेहतीस-चौतीसवर थांबतो, पण हवेत पाणी असतं आणि एसीला हवा थंड करण्याबरोबर ते पाणी पिळून काढावं लागतं. वरच्या साठ मुलांसाठी लागणारी ताजी हवाच घ्या. लातूरला बेचाळीस अंशांची कोरडी हवा थंड करायला पावणेदोन टन लागले. तेवढीच हवा मुंबईत, तेहतीस अंशांची पण दमट, घ्यायची तर साडेतीन टनांच्या घरात जाते. पारा नऊ अंशांनी कमी आणि काम दुप्पट. मुंबईकराने लातूरच्या मेहुण्याचा सल्ला ऐकू नये, आणि उलटही.

दमट भागात गरजेपेक्षा मोठा एसी घेणं हे लहान एसी घेण्याइतकंच वाईट. मोठं मशीन खोली पाच-सात मिनिटांत गार करतं आणि थांबतं. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार आणि चिकट. जुलैत चामड्याच्या बॅगांवर बुरशी, कपड्यांच्या गठ्ठ्यांना कुबट वास, भिंतीवर काळे ठिपके. मालक म्हणतो, “अजून एक टन वाढवू या का?” इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून बराच वेळ चालतं, त्यामुळे हा त्रास कमी होतो; पण दुपटीने मोठं घेतलं तर इन्व्हर्टरही फारसं काही करू शकत नाही.

कोरड्या भागातल्या लोकांना माझा आग्रह आहे की कूलरला कमी लेखू नका. गोदाम, वर्कशॉप, मंगल कार्यालयाचा भटारखाना आणि जेवणाचा मंडप, मोठी शिवणयंत्रांची शेड, असल्या ठिकाणी दारं उघडी असतात, माणसांची ये-जा असते, तिथे एसी लावणं म्हणजे गल्ली थंड करणं. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत मोठे डक्टवाले कूलर वीजबिलाच्या एका अंशात काम भागवतात आणि हवा पूर्ण ताजी देतात. पाऊस सुरू झाला की मात्र त्यांचं काम संपलं. बारा महिने कोरडी हवा लागणारी जागा असेल, म्हणजे औषधांचं दुकान, लॅब किंवा सर्व्हर रूम, तर तिथे कूलरचा विचारही नको.

हिशेबाचा कागद हातात आला की मग मशीनचा प्रकार. इथे बाजारात फार गोंधळ घालून ठेवला आहे, पण गोष्ट सरळ आहे.

चार-सहा खोल्या, प्रत्येकीची वेळ वेगळी, कधी एक चालू तर कधी तीन: डॉक्टरांची कन्सल्टिंग, वकिलाचं ऑफिस, लहान लॉज. इथे भिंतीवरचे इन्व्हर्टर स्प्लिटच बरे. एक बिघडला तर बाकीचे चालतात, गावातला मेकॅनिक दुरुस्त करतो, सुटा भाग मिळतो. साध्यासुध्या गोष्टीला कमी समजणाऱ्या सल्लागारापासून सावध राहा. खोली मोठी आणि चौकोनी असेल, भिंती कपाटांनी किंवा रॅकनी भरल्या असतील, तर छतातली कॅसेट घ्या. चारी बाजूंनी हवा सोडते, बँकेला आणि कापड दुकानाला शोभते. तिचं पाणी छतातून उचलून बाहेर टाकायला आत छोटा पंप असतो. तो बंद पडला की फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो आणि नंतर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर थेंब. म्हणून कॅसेटच्या बाजूला हात जाईल एवढी झडप ठेवायला सुताराला आधीच सांगा.

मोठा एकच हॉल असेल, लग्नाचा, सभेचा, शोरूमचा, तर डक्टेबल. साडेपाच, साडेआठ, अकरा टन अशा मापांत ही मशीनं मिळतात. त्यांच्या परतीच्या हवेत बाहेरची ताजी हवा मिसळता येते, हा त्यांचा खरा फायदा. साधा स्प्लिट खोलीतलीच हवा फिरवत बसतो. अकरा टन लागत असतील तर अकराचं एक घेऊ नका, साडेपाचाची दोन घ्या. वैशाखातल्या लग्नात एकुलतं एक मशीन बंद पडलं तर मुलीच्या बापाला तुम्ही काय सांगणार? आणि मंगळवारी सकाळी वीस माणसांचा साखरपुडा असेल तर एकावर भागतं.

तीन-चार मजले, तीस-चाळीस खोल्या, हॉटेल किंवा हॉस्पिटल असेल, तर व्हीआरएफ कोणीतरी सुचवणारच. जपानमध्ये डायकिनने १९८२ साली ही पद्धत आणली. गच्चीवर एक-दोन मोठी आउटडोअर, तिथून तांब्याच्या नळ्या आणि प्रत्येक खोलीत वेगळं युनिट. निम्म्या खोल्या रिकाम्या असतात तेव्हा मशीन तेवढंच काम करतं, त्यामुळे बिल खरोखर कमी येतं. बाहेरच्या भिंतीवर वीस डबे लटकत नाहीत. पण दोन गोष्टी विकणारा आपणहून सांगत नाही. एक, या साखळीत दुसऱ्या कंपनीचा तुकडा जोडता येत नाही; पुढची पंधरा वर्षं पीसीबीपासून सेन्सरपर्यंत तुम्ही त्याच कंपनीचे. तुमच्या जिल्ह्यात त्या कंपनीचा प्रशिक्षित माणूस राहतो की पुण्याहून येतो, हे आधी विचारा. दोन, सगळ्या नळ्यांमधून मिळून बराच गॅस फिरत असतो. एक जोड चुकीचा झाला तर गळतीने सगळा मजला बंद पडतो, आणि दार-खिडकी बंद असलेल्या लहान खोलीत तो गॅस साठणं धोक्याचंही आहे. म्हणून नळी जोडताना आतून नायट्रोजन सोडला का, नंतर नायट्रोजनचा दाब भरून चोवीस तास ठेवला का आणि व्हॅक्यूम पुरेसा काढला का, या तिन्हींची नोंद सहीसकट मागा. गेजवरचा काटा तुमच्या माणसाने सकाळी आणि दुसऱ्या सकाळी मोबाइलने टिपून ठेवावा. त्याला काही कळण्याची गरज नाही, काटा हललेला नसला म्हणजे झालं.

शंभर-दीडशे टनांच्या पुढे, मॉलला किंवा मोठ्या हॉस्पिटलला, चिलर. तो विषय इथे फार लांबवत नाही, कारण त्या मापाचं बांधकाम करणारा सल्लागार नेमतोच. फक्त पाण्याचं सांगतो. पाण्याने थंड होणारा चिलर हवेने थंड होणाऱ्यापेक्षा बराच कमी वीज खातो, हे खरं. पण १०० टनांचा प्लांट पूर्ण भाराने चालला तर कूलिंग टॉवरमधून तासाला ६०० लिटरच्या वर पाणी वाफ होऊन जातं. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. दहा तासांत सहा हजारांवर लिटर. जिथे एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो, त्या गावात वीज वाचवायला पाणी उडवायचं का, याचं उत्तर ब्रोशरमध्ये सापडत नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

दवाखानेवाल्यांना एक जादा ओळ: ऑपरेशन थिएटरला भिंतीवरचा स्प्लिट लावू नका. तिथे हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा, ठरावीक प्रमाणात बाहेरची ताजी हवा आणि खोलीचा दाब बाहेरच्या पॅसेजपेक्षा किंचित जास्त, असं तिन्ही लागतं. स्प्लिट यातलं एकही देत नाही.

ताज्या हवेचं मात्र फक्त दवाखान्यालाच नाही, सगळ्यांनाच सांगायचं आहे. बंद वर्गात साठ मुलं आणि तीन स्प्लिट असले की दुपारी मुलं पेंगतात आणि सर म्हणतात, हल्लीच्या मुलांचं लक्ष नाही. लक्ष कुठून असणार, त्यांनी एकमेकांचा सोडलेला श्वास तासभर घेतला आहे. छोटा ताज्या हवेचा पंखा, फिल्टर लावून, हिशेबात धरून बसवा. तो बसवला की टनेज वाढतं, म्हणून कोटेशनमधून सगळ्यात आधी तोच गळतो. तीन कोटेशनं समोर ठेवून स्वस्त कोण हे बघताना कोणी ताजी हवा धरली आहे आणि कोणी नाही, ते आधी बघा.

आता बाहेरच्या डब्याची जागा. आत कुठलं युनिट लावायचं यावर घरातली सगळी माणसं मत देतात. बाहेरचं कुठे लागणार याचं कुणालाच देणंघेणं नसतं. शहरातल्या बऱ्याच इमारतींत ती सगळी मागच्या अरुंद डक्टमध्ये, संडासाच्या पाइपांशेजारी, एकावर एक टांगलेली असतात. पहिल्या मजल्याच्या डब्याने फेकलेली गरम हवा वर चढते, ती दुसऱ्या मजल्याचा डबा ओढतो, तो अजून गरम करून तिसऱ्याला देतो. पाचव्या मजल्यावरच्या डब्याच्या वाट्याला बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली हवा येते आणि मे महिन्यात दुपारी तीनला तो दाब वाढून ट्रिप होतो. मेकॅनिक येतो, डब्यावर पाइपाने पाणी मारतो, मशीन चालू होतं, तो पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजता तेच. मशीन चांगलं असतं, कंपनीही चांगली असते. जागेनेच ते मारलेलं असतं. गच्चीवर किंवा मोकळ्या गॅलरीत, समोर हवा सुटायला जागा आणि मेकॅनिकला दोन पाय टेकवून उभं राहायला आधार, एवढं नकाशातच काढून घ्या. दोरीला लटकून सर्व्हिस करणारी पोरं पडतात. मालक म्हणून ती जबाबदारी आपलीही आहे.

समुद्रकाठी खारा वारा कॉइल खातो. कोकण-गोव्यात गंजरोधक लेप दिलेली कॉइल आहे का ते विचारा आणि महिन्या-दीड महिन्याने गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा. उघड्या गटाराजवळ किंवा नाल्याकाठी असाल तर तिथला वायू तांब्याला भोकं पाडतो. तेही डीलरला आधीच सांगा.

मशीनच्या डब्यावरचं लेबल वाचायला शिका, अवघड नाही. दुकानदार ‘दीड टन’ म्हणतो तेव्हा लेबलवर वॅटमध्ये क्षमता बघा. दीड टन म्हणजे ५,२७५ वॅट, पण त्याच नावाखाली पाच हजारांच्या खालचीही मशीनं विकली जातात. आणि ही क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. अकोला, जळगाव, चंद्रपूरच्या माणसाने विचारावं की ४६ अंशांना हे मशीन किती देतं. कंपनीकडे त्याचं कोष्टक असतं. तारे मोजण्यापेक्षा त्याखालचा आयएसईईआरचा, म्हणजे हंगामभराच्या कार्यक्षमतेचा, आकडा बघा. ऊर्जा दक्षता ब्यूरो ताऱ्यांची पट्टी दर काही वर्षांनी कडक करत असतो, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्याचे पाच सारखे नसतात.

गॅसचंही नाव विचारा. बंद पडलेल्या बँकेच्या शाखेतून किंवा जुन्या मॉलमधून उतरवलेली मोठी मशीनं अर्ध्या किमतीत मिळतात आणि नवीन हॉलवाल्याला मोह होतो. त्यातल्या कित्येकांत आर-२२ गॅस असतो. ओझोनला मारक म्हणून २०३० पर्यंत तो भारतात बाद व्हायचा आहे. पुढे सर्व्हिसला मिळेल तो महाग आणि भेसळीचा. आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण तापमानवाढीत त्याचा हात मोठा, आर-३२ च्या तिप्पट. भारताने २०२१ मध्ये किगाली करार मान्य केला आहे आणि अशा गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवून २०३२ पासून उतरता आणायचा आहे. म्हणजे आज बाकी सगळं समान असेल तर आर-३२ घ्या. तो थोडा ज्वालाग्राही आहे, म्हणून जोडकाम शिकलेल्या माणसाकडूनच करा.

विजेचा भार हा विषय मालक इलेक्ट्रिशियनवर सोडून देतो आणि नंतर पस्तावतो. व्यापारी जोडणीत मंजूर भार फुगला तर स्थिर आकारही वाढू शकतो, मशीन चालो न चालो. वीस किलोवॉटच्या पुढे तर दरांचा गटच बदलतो. फुगवलेल्या टनेजचा हा कायमचा दंड. उलट मंजूर भारापेक्षा जास्त खेचलंत तर वेगळा दंड. म्हणून हीट लोडचा कागद आणि महावितरणचा अर्ज एकाच टेबलावर ठेवा. इमारत मोठी, म्हणजे जोडभार १०० किलोवॉट किंवा करारमागणी १२० केव्हीएच्या पुढे जाणार असेल, तर अशा इमारतींसाठी केंद्राने ऊर्जासंवर्धन संहिता काढलेली आहे. तुमच्या पालिकेत त्यातलं काय लागू आहे ते आर्किटेक्टला नकाशा मंजुरीआधी विचारा.

चालवण्याचा खर्च स्वतः काढा. चांगलं मशीन धरलं तरी टनाला तासाला एक युनिटच्या आगेमागे धरून चालायला हरकत नाही. पाच टन, दहा तास, महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे साडेबाराशे युनिट. त्याला तुमच्या बिलावरचा दर लावा. हाच हिशेब आठ टनांचा करा: दोन हजार युनिट. महिन्याला साडेसातशे युनिटांचा हा फरक वर्षात एसीचे आठ-नऊ महिने धरून मांडलात की गच्चीवरच्या थराचा खर्च किती लवकर वसूल होतो ते कुणी सांगावं लागणार नाही. छताला पंखे ठेवा. बीएलडीसी पंखा अठ्ठावीस-तीस वॉटमध्ये चालतो आणि तो फिरत असेल तर सव्वीस अंशांवरही माणूस खूश असतो. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे एक अंश वर ठेवला की सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा खोलीचा एसी चालू केल्यावर चोवीसवर येतो तो याचसाठी. रिमोट मात्र काउंटरवरच्या पोराच्या हातात असतो, आणि तो अठरा करतो.

देखभालीचा करार मशीन घेतानाच लिहून घ्या. नंतर भाव वाढतो. फक्त मजुरीचा करार स्वस्त दिसतो, पण कॉम्प्रेसर आणि पीसीबी त्यात नसतात. काय धरलं आहे आणि काय नाही, हे ओळीने लिहवून घ्या. “साहेब, गॅस कमी झालाय, भरायला लागेल,” असं दर उन्हाळ्यात सांगणाऱ्याला एकच विचारा: गॅस गेला कुठे? तो खर्च होत नाही, तो गळतो. गळती शोधून बंद केल्याशिवाय गॅसचे पैसे देऊ नका. फिल्टर धुवायला कुणाची गरज नाही; तुमचाच माणूस पंधरवड्याला नळाखाली धरू शकतो.

आणि पैशांबद्दल शेवटची गोष्ट. बहुतेक कामं दिवाळी ते फेब्रुवारीत होतात आणि जानेवारीत मशीन चालू करून दाखवतात. जानेवारीत काहीही थंड होतं. वर्क ऑर्डरमध्येच लिहा की दहा टक्के रक्कम मे महिन्याच्या चाचणीनंतर मिळेल. चाचणी दुपारी तीन ते पाच, खोली माणसांनी भरलेली, बाहेरचं तापमान नोंदवलेलं, आत ठरल्याप्रमाणे पंचवीस अंश आणि दमट भागात आर्द्रताही. बाजारात दोन्ही दाखवणारं घड्याळ चार-पाचशे रुपयांत मिळतं. प्रामाणिक काम करणारा कंत्राटदार ही अट मान्य करतो, जरा कुरकुर करून. जो ऐकूनच ऑफर मागे घेतो, त्याला जाऊ द्या.